रूपमतीचा महाल की सुलतानाची चौकी?

पाऊस जरा रंगला की या सदराच्या टपालात मांडव, म्हणजे नकाशावरचं मांडू, सुरू होतं. टपाल म्हणजे तरी काय, निम्मे प्रश्न आता व्हॉट्सॲपवरच येतात, पण असो. इंदूरच्या मराठी घरांतून ठरलेलंच आहे, रविवारी सकाळी पोहे-जिलबी पोटात टाकायची, धारवरून नाहीतर महू-मानपूरवरून गाडी काढायची आणि दुपारी रूपमतीच्या छत्रीखाली वाऱ्यात केस उडवत फोटो काढायचे. या खेपेचे बरेचसे प्रश्न त्या एकाच जागेभोवती फिरतायत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकात, हा अंक मांडवच्या नावाने.

प्रश्न : दर पावसाळ्यात पाहुण्यांना मांडवला नेतो. गाइड सांगतो की माळव्याच्या बाज बहादूर सुलतानाने राणी रूपमतीसाठी हा महाल बांधला, तिला रोज नर्मदेचं दर्शन व्हावं म्हणून. या वेळी आमचा नववीतला मुलगा म्हणाला, बाबा, राणीचा महाल म्हणता तर झोपायची खोली कुठाय, न्हाणीघर कुठाय, आणि भिंती एवढ्या जाड कशाला? मला काही उत्तर देता आलं नाही. खरं काय आहे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : चिरंजीवांना आमच्याकडून एक प्लेट भुट्ट्याचा कीस, सराफ्यात जाऊन खायचा. नेमक्या जागी बोट ठेवलंय पोराने. गाइडची गोष्ट सगळीच्या सगळी खोटी आहे असं नाही, पण ती गोष्ट इमारतीच्या सगळ्यात वरच्या थराची आहे आणि आपण ती जोत्यापासून अख्ख्या इमारतीला चिकटवून मोकळे होतो. ही जागा मुळात सैन्याची टेहळणीची चौकी होती, राणी नंतर आली.

आधी मांडव कुठे बसलंय ते बघा. समुद्रसपाटीपासून साधारण ६३३ मीटरवरचं पठार, विंध्याच्या पार दक्षिण टोकाला. उत्तरेकडून, म्हणजे आपण ज्या बाजूने गाडी घेऊन येतो तिथून, काकडा खोह नावाची खोल दरी त्याला उरलेल्या माळव्यापासून तोडते, आणि दक्षिणेला तर विचारूच नका, डोंगर संपतो आणि खाली एकदम निमाड, म्हणजे नर्मदेकाठचा सखल मुलूख, सुरू होतो. माळव्याच्या होशंगशाह सुलतानाने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानी धारवरून इथे हलवली ती काही ढग बघायला नाही. पठाराच्या कडेकडेने चाळीसेक किलोमीटरचा तट, त्यात बारा दरवाजे, आत तळी, शेतं, वस्ती. आता दक्षिणेच्या कड्यावरून कोणी फौज चढवणार नाही हे खरं, पण ती फौज खाली नर्मदा ओलांडून जमतेय का हे तर कळायला हवं ना? खानदेश आणि दख्खनकडून येणारा माणूस त्याच बाजूने दिसणार. रूपमतीचा महाल नेमका त्या कड्याच्या टोकावर आहे, निमाडच्या सपाटीपासून सुमारे ३६५ मीटर वर. प्रेमासाठी जागा शोधणारा माणूस एवढ्या वाऱ्यात घर बांधत नाही हो, पहाऱ्यासाठी शोधणारा मात्र बरोबर इथेच येतो.

आता इमारत बघा. आपण काय करतो, तिकीट दाखवलं की धापा टाकत थेट गच्ची गाठतो, कारण फोटो तिथे येतात. पुढच्या वेळी मुलाला घेऊन आधी खालच्या मजल्यावर थांबा. पूर्वेकडचा भाग सगळ्यात जुना, बसक्या छताचं लांब दालन, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक खोली, भिंती जाडजूड आणि जोत्याला बाहेरून चांगला ढाळ दिलेला, म्हणजे भिंत खाली रुंद आणि वर जाताना आत झुकत जाते. त्या भिंतीला अगदी पाठ टेकवून उभं राहायला सांगा पोराला, ढाळ अंगालाच कळतो. आत वाकून बघितलं की कमानी ठेंगण्या, नक्षी जवळजवळ नाहीच, अंधार बराच. राणीला बसवायची ही जागा नव्हे, ही पहाऱ्यावरच्या शिपायांची. नंतर कधीतरी ही इमारत त्याच जोत्याला धरून पश्चिमेकडे वाढवली. आणि गच्चीवर ज्या दोन चौकोनी छत्र्या आहेत, पाकळ्या पाडल्यासारखे घुमट असलेल्या, ज्यांचा फोटो एमपी टुरिझमच्या प्रत्येक पोस्टरवर असतो, त्या नंतर चढवलेल्या. असे दोन-तीन टप्प्यांत झालेलं हे काम आहे, आणि पुरातत्त्व खात्याची माणसंही ते तसंच वाचतात. रूपमती इथे येऊन नर्मदा बघायची म्हणतात ती या छत्र्यांमधून.

अजून एक गोष्ट बघायची राहू देऊ नका, पाण्याचं टाकं. कड्याच्या टोकावर विहीर कुठून लागणार, आणि पहाऱ्यावर माणसं ठेवायची तर पाणी हवंच. म्हणून गच्चीवर पडणारा पाऊस खाली उतरवून इमारतीच्या पोटात साठवायची सोय केलेली आहे. वाळू आणि कोळशातून पाणी गाळून घेत, असं गाइड लोक हौसेने सांगतात. मांडवला जिकडे जाल तिकडे हाच प्रकार आहे, जहाज महालाच्या गच्चीवर तर पाणी वळणावळणाच्या दगडी पन्हळीतून खेळवलंय, पण तिथे ती चैन होती आणि इथे गरज.

आता एवढी चौकी असून मांडव पडलंच नाही का? पडलं की! १५३१ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाने घेतलं आणि चार वर्षांनी हुमायूनने त्या बहादुरशाहालाच तिथून पळवून लावला, तो म्हणे मांडवच्याच सोनगड या बालेकिल्ल्यावरून दोराने खाली उतरून निसटला. चौकीवरून बघून फक्त बातमी कळते, पुढे तट लढवायला माणसं लागतात, ती ऐन वेळी मांडवला कधीच पुरी पडली नाहीत.

प्रश्न : ठीक आहे, वरचा महाल रूपमतीसाठी बांधला नाही. पण त्याच्या खाली उतारावर बाज बहादूरचा महाल आहे, तो तरी बाज बहादूरचा आहे ना, की तोही नाही?
— एक ताई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, रागावू नका, पण तोही नाही. दरवाजावरच फारसी शिलालेख आहे, हिजरी ९१४ चा, म्हणजे इसवी सन १५०८-०९. बांधणारा सुलतान नासिरुद्दीन खलजी. बाज बहादूर गादीवर आला १५५५ च्या सुमाराला, म्हणजे महाल तयार होऊन चाळीस-पंचेचाळीस वर्षं उलटून गेली होती. बाज बहादूरला जागा आवडली, शेजारी रेवा कुंड, समोर डोंगर, गाण्याबजावण्याला निवांत, तो तिथे रमला आणि नाव त्याचं झालं. बिचाऱ्या नासिरुद्दीनचं नाव शिलालेखातच राहिलं.

बिचारा म्हटलं खरं, पण त्याची कहाणी ऐकाल तर कीव करणार नाही. बापाला, म्हणजे गियासुद्दीनला, याने विष घातलं असा त्याच्यावर आरोप होता. शंभरेक वर्षांनी, १६१७ मध्ये, जहांगीर बादशाह मांडवला मुक्कामाला आला, पावसाळाभर राहिला, इथल्या पावसाचं आणि हिरवळीचं त्याने तोंड भरून कौतुक लिहून ठेवलंय, आणि त्याच आठवणींत हेही लिहिलंय की नासिरुद्दीनच्या कबरीला आपण लाथा घातल्या आणि त्याची हाडं उकरून नर्मदेत टाकायला लावली. जहांगीरने स्वतः बापाविरुद्ध बंड केलं होतं ही गोष्ट त्या क्षणी त्याला आठवली नसावी.

महाल मात्र सुंदर आहे. मधला चौक, त्यात हौद, आणि गच्चीवरून मान वर केली की थेट रूपमतीच्या छत्र्या दिसतात. गोष्ट का जुळली ते तिथे उभं राहिलं की कळतं, एक इमारत खाली, एक वर, दोन्ही एकमेकींकडे बघतायत, मग लोक गप्प थोडेच बसणार.

प्रश्न : आम्ही तीनदा गेलो, तिन्ही वेळा ढग. रूपमती म्हणे नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्नाला शिवायची नाही. मग पावसाळ्यात काय उपास करायची का? खरंच दिसते का नर्मदा तिथून?
— एक काका, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : काका, दिसते. पण तुम्ही जाताय ती वेळ चुकीची. पावसाळ्यात मांडवला जायचं ते ढग अंगावर घ्यायला, नर्मदा बघायची असेल तर पाऊस उघडल्यावर, हवा धुवून निघाली की, सकाळी लवकर जा. थंडीतसुद्धा ऊन चढायच्या आत पोचायचं. उन्हाळ्यात नाद सोडा, निमाडावर धुरळा असतो, समोर नुसती पांढुरकी भिंत.

हिशोब करून बघू. ३६५ मीटर उंचीवरून सपाट जमिनीवरचं क्षितिज साधारण ६८ किलोमीटरवर येतं. नर्मदा मांडवच्या दक्षिणेला धरमपुरीजवळून वाहते, सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटर. म्हणजे अंतराची अडचण मुळीच नाही, अडचण आहे ती फक्त हवेची. स्वच्छ दिवशी शेतांच्या पलीकडे एक बारीक चकाकणारी रेघ दिसते ती नर्मदा, आणि नशीब जोरावर असेल तर तिच्याही मागे सातपुड्याची निळसर कड. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ती रेघ येत नाही हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे घरी येऊन झूम करत बसणार नाही. दुर्बीण असेल तर न्या. आणि हो, २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं तेव्हापासून धरण भरलं की त्याचा फुगवटा धरमपुरीपर्यंत मागे सरकतो. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात खालचं पात्र पूर्वीपेक्षा रुंद असतं. बघणाऱ्याची सोय झाली असं म्हणायला जीभ वळत नाही, कारण त्याच पाण्याखाली निमाडातल्या कितीतरी लोकांची घरं आणि शेतं गेली. वरून बघताना एवढं माहीत असलेलं बरं.

उपासाचं म्हणाल तर त्यावर लोकांनी आधीच तोडगा काढून ठेवलाय. गोष्ट अशी सांगतात की नर्मदामाई रूपमतीच्या भक्तीवर प्रसन्न झाली आणि स्वतः मांडवला येऊन प्रकटली, तेच रेवा कुंड. म्हणजे ढग असले तरी दर्शन पायथ्याशीच. गोष्ट म्हणून घ्या, पण कुंड खरं आहे आणि त्याचं मोलही खरं आहे. बाज बहादूरच्या महालाला याच कुंडातून पाणी उपसून चढवायचे, पाणी नेणाऱ्या कमानींचे अवशेष आजही उभे आहेत. आणि नर्मदा परिक्रमेला जाणारी आपली मंडळी, पुण्या-नाशिकची असोत की इथली, उत्तर तटाने चालताना वाट वाकडी करून, घाट चढून रेवा कुंडावर येतात, कारण माईचंच पाणी मानतात ते. आपण गाडीतून उतरून कुंडाकडे ढुंकूनही न बघता वर पळतो, आणि ते पायी येऊन कुंडाला नमस्कार करून वर न चढताच निघून जातात. दोघांचं मांडव वेगळं.

प्रश्न : रूपमतीने विष घेतलं एवढं लहानपणी आईकडून ऐकलं होतं. नक्की काय झालं आणि कुठे? तिची समाधी मांडवलाच आहे का? नातीला सांगायचंय, म्हणून विचारते.
— एक आजी, नारायण बाग, इंदूर

उत्तर : आजी, नातीचं वय बघून सांगा, शेवट फार कडवट आहे. आणि मांडवला नाही घडलं ते, सारंगपूरला घडलं, आपल्या एबी रोडवर शाजापूरच्या पुढे लागतं तेच सारंगपूर.

बाज बहादूरचं खरं नाव बायझीद. त्याचा बाप शुजाअत खान शेरशाह सुरीकडून माळव्याचा सुभेदार होता, बाप गेल्यावर याने गादी बळकावली आणि स्वतंत्र झाला. लढाईत डोकं चालवून बघितलं, गोंडवनात राणी दुर्गावतीवर चालून गेला, तिने असा काही मार दिला की परत तिकडे बघितलं नाही. मग गाणं, रूपमती आणि मांडव. रूपमती सारंगपूरची असं फारसीतली जुनी हकीकत सांगते, निमाडातले लोक तिला धरमपुरीची मानतात. ती गायची, हिंदीत कवनं रचायची, एवढं मात्र सगळेच सांगतात. १५९९ मध्ये अहमद उल उमरी नावाच्या माणसाने तिची कहाणी फारसीत लिहून काढली, म्हणजे ती गेल्यानंतर चाळीस वर्षांच्या आतच, तेव्हा ही काही अगदीच हवेतली दंतकथा नाही.

१५६१ मध्ये अकबराने अधम खान आणि पीर मुहम्मद यांना माळव्यावर पाठवलं. सारंगपूरजवळ लढाई झाली, बाज बहादूर हरला आणि पळाला, आणि जनाना मागेच राहिला. रूपमती अधम खानाच्या हाती पडणार असं दिसलं तेव्हा तिने विष घेतलं. सारंगपूरला तळ्याजवळची एक पडकी कबर लोक तिची म्हणून दाखवतात.

नातीने विचारलंच की त्या दुष्टांचं काय झालं, तर तेही सांगा, पोरांना ते हवंच असतं. पीर मुहम्मद दुसऱ्याच वर्षी बाज बहादूरच्या माणसांपुढून पळताना नर्मदा ओलांडायला गेला आणि बुडाला, तीच नर्मदा, मांडवच्या कड्यावरून दिसते ती. अधम खानाने आग्र्याला अकबराच्या वजीराचा खून केला, त्याबद्दल अकबराने त्याला किल्ल्याच्या गच्चीवरून खाली फेकायला लावला, एकदा फेकून जीव गेला नाही म्हणून वर आणून पुन्हा फेकला. हा भाग रात्री झोपताना नका सांगू. आणि बाज बहादूर? काही वर्षं इकडेतिकडे आसरा मागत फिरला, शेवटी १५७० च्या सुमाराला त्याच अकबराच्या पदरी मनसबदार झाला. ऐन-ए-अकबरीत दरबारच्या गवयांची यादी आहे, त्यात तानसेनबरोबर याचंही नाव आहे, तोड नसलेला गायक म्हणून. ज्याच्या फौजेमुळे रूपमती गेली त्याच्यापुढे हा गात बसला. आम्हाला हा माणूस कधीच फारसा आवडलेला नाही, सांगून टाकतो.

प्रश्न : खलजी झाले, मुघल झाले, पण आपल्या मराठ्यांचा मांडवशी काही संबंध आहे की नाही? आम्ही मूळचे धारचे, लहानपणी सगळे मोठे लोक मांडवगड म्हणायचे.
— एक वाचक, मनोरमा गंज, इंदूर

उत्तर : आहे म्हणजे काय, ती टेहळणीची चौकी ज्या भीतीने बांधली ती भीती खरी करून दाखवली ती मराठ्यांनीच!

नोव्हेंबर १७२८. बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा खानदेशातून येऊन नर्मदेपाशी पोचले. बरोबर उदाजी पवार, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, म्हणजे पुढे ज्यांच्यामुळे आपण सगळे धार, इंदूर, ग्वाल्हेरला येऊन राहिलो ते तिघेही. माळव्याचा मुघल सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा चुलत भाऊ दया बहादूर यांचा अंदाज होता की मराठे अमझेऱ्याच्या घाटातून वर चढणार. तिथे त्यांनी जय्यत तयारी केली, मोर्चे बांधले, वाट बघत बसले. आणि मराठे चढले कुठून, तर मांडवच्या बाजूच्या घाटाने! वर येऊन मागून अमझेऱ्यावर गेले. २९ नोव्हेंबरला लढाई झाली आणि सुभेदार आणि त्याचा भाऊ दोघेही पडले. माळवा कागदोपत्री मिळायला १७४१ चं बादशाही फर्मान उजाडलं, पण दरवाजा उघडला तो त्या दिवशी.

म्हणजे बघा, दक्षिणेकडून नर्मदा ओलांडून येणाऱ्या फौजेवर लक्ष ठेवायला सुलतानांनी कड्यावर जागा केली होती, आणि नेमकी तशी फौज तशाच वाटेने आली तेव्हा सुभेदाराचं सगळं लक्ष पश्चिमेला, अमझेऱ्याकडे! मांडव तोवर ओस पडत चाललं होतं. आमचं स्वतःचं मत विचाराल तर रूपमतीच्या महालात उभं राहून नर्मदेची रेघ शोधताना चिमाजी अप्पांची आठवण काढणारा गाइड एकही भेटत नाही याचं वाईट वाटतं. प्रेमकहाणी सांगा हो, पण दोन मिनिटं ह्याला द्या की, मराठी पर्यटकांनी भरलेली बस समोर असते!

त्यानंतर मांडव धारच्या पवारांकडे आलं. राजधानी धारलाच ठेवली त्यांनी, मांडव जंगलाच्या स्वाधीन झालं, वाघांचा वावर होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धार दरबारने झाडी काढून, पडायला आलेल्या इमारती सावरायचं काम हाती घेतलं. हैदराबादचे पुरातत्त्वज्ञ गुलाम यझदानी यांनी १९२९ मध्ये इथल्या इमारतींवर सविस्तर लिहिलं, आणि आता सगळं भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आहे.

प्रश्न : रूपमतीच्या रस्त्यावर इको पॉइंट आहे, तिथे पोरं घसा बसेपर्यंत ओरडतात. हे मुद्दाम केलेलं आहे का?
— एक वाचक, महू

उत्तर : समोर दाई का महल आहे, त्याच्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो. आवाज जाऊन यायला क्षणभर लागतो म्हणून तो वेगळा ऐकू येतो, त्यासाठी समोरची भिंत सतरा मीटरच्या पुढे असली तरी पुरते, इथे तर खूपच लांब आहे. जुन्या काळी निरोप पाठवायला वापरायचे असं गाइड सांगतात. आपली पोरं फक्त एकमेकांची नावं आणि शिव्या पाठवतात.

प्रश्न : माझ्या गुडघ्यांना आता मांडवचा चढ झेपत नाही. विंध्यावरून निमाड बघायला दुसरी एखादी सोपी जागा सुचवा, शक्यतो इतिहास असलेली, नुसता सेल्फी पॉइंट नको.
— एक काकू, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : काकू, जाम गेट. महूवरून मंडलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाट जिथे उतरायला लागतो बरोबर तिथे आहे, आणि गाडी जवळजवळ दारापर्यंत जाते. जाम दरवाजा म्हणतात त्याला जुने लोक. अहिल्यादेवींनी १७९१ मध्ये बांधलेला. त्यांची राजधानी खाली महेश्वरला, नर्मदेच्या काठी, आणि वर इंदूर-महू, तेव्हा माळव्यातून निमाडात उतरायची ही घरचीच वाट झाली. त्या वाटेच्या तोंडाशी दगडी दरवाजा, वर खोल्या, पहाऱ्याची जागा. डोंगराची तीच धार, समोर तोच निमाड, फक्त मांडवला सुलतानाची नजर खालून कोण येतंय यावर होती आणि इथे दरवाजा वाटसरूंसाठी उघडा होता.

रविवारी मात्र अजिबात जाऊ नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही, अख्खं इंदूर आणि महू तिथे मॅगी खायला आलेलं असतं, घाटात गाड्या अडकतात, आणि तुमचे गुडघे चढाने नाही तर ट्रॅफिकमध्ये बसून दुखतील. मधल्या वारी सकाळी निघा, दरवाजापाशी थांबून निमाड बघा, मग तसंच खाली उतरून महेश्वर करा, घाटावर बसायला पायऱ्या आहेत, आणि नर्मदा अगदी पायाशी.

आणि तरीही मांडवचीच ओढ लागली तर जहाज महालाचा परिसर बराचसा सपाट आहे, तो बघा, घरच्यांना रूपमतीकडे पिटाळा आणि तुम्ही खाली कुठेतरी दाल-पानिये सांगून बसा, पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे पानिये, वर तुपाची धार. सीताफळाच्या दिवसांत गेलात तर रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बसलेल्या बायका असतात, त्यांच्याकडून घ्या, भाव जास्त पाडू नका. रूपमतीच्या भागाचं तिकीट वेगळं असतं, ते ऑनलाइन काढता येतं, नेटवर्क कधी असतं कधी नसतं म्हणून इंदूर सोडायच्या आधीच काढून ठेवायला सांगा. आणि वर जाणाऱ्यांना बजावून सांगा, हातात खायचं काही उघडं नेऊ नका, तिथली माकडं पिशवी ओळखतात.